मीठ बघणारी

"खारट आहे."

"नाहीये."

"ओम्मा, मला तोंडात धरवत नाहीये."

"तुझं तोंड अमेरिकन झालंय. तुला पाणीसुद्धा खारट लागेल."

"या आठवड्यात चार डबे परत आले. त्यातला एक मिसेस चोईंचा. त्या याच उन्हाळ्यात सोलहून आल्यात, त्यांचं तोंड काही अमेरिकन नाही."

"चोईचा नवरा गेलाय. ती रडत रडत जेवते. मीठ तिचं तिनेच घातलेलं असतं."

हेजिनने चॉपस्टिक्स ओट्यावर ठेवल्या. ती फार्मसिस्ट आहे, लंच ब्रेकमध्ये आली होती, पांढरा कोटही काढला नव्हता. समोर तिची आई, नाम जंगजा, वय अठ्ठ्याहत्तर. उंचीने ओट्याला लागते, पण ओट्यामागे उभी राहिली की तिच्यापुढे कोणी उंच वाटत नाही. ॲटलांटाच्या उत्तरेला, डुलुथमधल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये तिचं बानचानचं दुकान आहे. बानचान म्हणजे भाताबरोबर खायच्या लहान लहान भाज्या, कोशिंबिरी, लोणची. कोरियन जेवणात आपल्या ताटाची डावी आणि उजवी बाजू मिळून जे होईल ते. चाळीस प्रकार काचेमागे मांडलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या मधोमध किमची, तिखट-मिठात मुरवलेला कोबी.

"हिला विचार ना," नामबाई म्हणाल्या. "मला कशाला विचारतेस? दुकानातलं मीठ ही बघते. हिने मान हलवल्याशिवाय इथून एक डबा बाहेर जात नाही."

ही म्हणजे सुलेखा नाबर. दोघींच्या मध्ये, कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे घालून, मोठ्या स्टीलच्या टबापुढे उकिडवी बसलेली. हातमोजे तिखटाने लाल झालेले. मायलेकींची भांडणं कोरियन आणि इंग्रजी मिसळून चालतात, आणि आठ वर्षांत सुलेखाला दोन्हीतलं भांडण चांगलं कळायला लागलंय. प्रेमाचं बोलणं मात्र अजून अडतं. ते त्या दुकानात फारसं होत नाही.

"सुलेखा, प्लीज," हेजिन म्हणाली. "तुम्ही खरं सांगा."

सुलेखाने उजवा हातमोजा काढला. टबातलं कोबीचं एक पान फाडलं, मसाल्यासकट घडी घातली, तोंडात टाकलं. डोळे मिटले. दोन सेकंद काही नाही. मग चावलं, जीभ टाळूला लावली, मान किंचित डावीकडे कलली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दोन दिवस मुरलं की अजून उतरेल."

नामबाईंनी लेकीकडे पाहिलं.

सुलेखाच्या तोंडात त्या वेळी काहीतरी गार होतं, ओलं होतं, आणि कुरकुरीत होतं. त्यापलीकडे काही नव्हतं. पावणेचार वर्षं झाली, तिच्या तोंडात त्यापलीकडे काही नसतं.

"ठीक आहे," हेजिन म्हणाली. "महिनाअखेर लीज संपतंय. लँडलॉर्डला माझी सही लागते, तुझी एकटीची चालत नाही. रविवारी आप्पाचं वर्षाचं जेसा आहे, ते होऊ दे. पण जिभेचा भरवसा नसलेल्या दुकानाचं आणखी पाच वर्षांचं लीज मी साइन करणार नाही, ओम्मा. आधीच सांगून ठेवते."

"जिभेचा भरवसा आहे," नामबाई म्हणाल्या. "ही काय इथे बसलीये."

* * *

सुलेखा मूळची वेंगुर्ल्याची. नवऱ्याच्या, श्रीरामच्या, कंपनीने त्याला ॲटलांटाजवळ अल्फारेटाला पाठवलं तेव्हा लेक अनया दहा वर्षांची होती. सात वर्षं सुलेखाला काम करायची परवानगी नव्हती. त्या सात वर्षांत तिला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती म्हणायची, "मी घरीच असते." मग समोरचा माणूस श्रीरामशी बोलायला लागायचा. त्याचं तिला वाईट वाटायचं का, तर ते आता तिला नीटसं आठवत नाही.

डुलुथला ती पहिल्यांदा गेली ती मुळ्यासाठी. तिकडे कोरियन दुकानात मांडीएवढे मुळे मिळतात असं कोणीतरी म्हणालं होतं. मुळ्याचं दुकान पलीकडे होतं, ती चुकून नामबाईंच्या दारात शिरली. काउंटरवर काचेची एक बरणी होती, आत मिठातली बारीक, गुलाबी कोळंबी. तिने न विचारताच झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. तो थेट कोलमीचा, बारीक जवळ्याचा वास होता. वेंगुर्ल्याच्या बाजारात टोपलीतून यायचा तोच. ती तिथेच उभी राहिली, गिऱ्हाइकं बाजूने जात राहिली.

"बाहेरची माणसं ते झाकण उघडतात आणि दोन पावलं मागे सरतात," नामबाईंनी नंतर तिला सांगितलं. "तू पुढे सरलीस. मला वाटलं, ही बरणी घेऊन पळणार."

वर्क परमिट आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती तिथे लसूण सोलायला बसली. आठवड्याला वीस किलो लसूण. मग मुळा कापणं, कोबी मिठात घालणं, तीन पाण्यांतून काढणं, तांदळाच्या पेजेत तिखट भिजवणं. दुकानात सगळे तिला 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. कोरियन खानावळींत कामाच्या बाईला हीच हाक असते. हे कळलं तेव्हा सुलेखा हसली होती. वेंगुर्ल्याला त्यांच्या घरी भांडी घासायला यायच्या त्याही मावशीच होत्या. नामबाईंना ती 'सजांगनिम' म्हणते, मालकीणबाई.

दुकानाच्या पाटीवर कोरियनमध्ये 'आजीच्या हाताची चव' असं लिहिलंय. एखादीच्या हाताला चव असते आणि ती शिकवून येत नाही, हे तिकडेही मानतात. म्हणून मसाला कोबीला लावायचा तो हातानेच. नामबाई पूर्वी हातमोजेसुद्धा घालत नसत, हेल्थ इन्स्पेक्टर येऊन बोलून गेला तेव्हा घालायला लागल्या. "हातमोजे घातल्यापासून चव निम्मी झाली," असं त्या त्याला पुढच्या प्रत्येक भेटीत ऐकवतात.

पण सुलेखा लसूण सोलणारी न राहता दुकानाची इमो झाली ती किमचीमुळे नाही. ती झाली जेसामुळे.

जेसा म्हणजे गेलेल्या माणसासाठी वर्षातून एकदा मांडायचं ताट. नामबाईंचे यजमान, मिस्टर युन, गेले त्याच्या पुढच्या वर्षी नामबाईंच्या मनगटाचा सांधा दुखावलेला होता. त्यांनी सुलेखाला मदतीला बोलावलं आणि नियम सांगायला सुरुवात केली. लसूण नाही. लाल तिखट नाही. पीच ठेवायचं नाही, त्याने आत्मा बिचकतो. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. बीफ सुलेखा हाताळत नाही, तर ते नामबाईंनीच काढून टाकलं: "मुळा-टोफूचं सूप कर. शेवटी शेवटी त्याला दातही नव्हते." हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यात महत्त्वाचं—"

"चाखायचं नाही," सुलेखा म्हणाली.

नामबाई थांबल्या. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमच्याकडेही नाही चाखत."

"तुमच्याकडेही मेलेल्यांना जेवायला घालतात?"

"घालतात. आणि देवाला रोज."

"रोज?" नामबाईंनी विचार केला. "मग तुमचे देव चांगलेच जाडजूड असतील."

सुलेखा बाराव्या वर्षापासून नैवेद्याचा स्वयंपाक करत होती. तिची आई चुलीपाशी पाटावर बसायची आणि एकच गोष्ट सांगायची: देवाच्या आधी जीभ लावायची नाही, मीठ डोळ्यांनी घालायचं. डोळ्यांनी म्हणजे कसं, ते सुलेखाने आपलं आपण बसवलं होतं. स्वयंपाक सुरू करायच्या आधी एका ताटलीत मिठाच्या ढिगुल्या मांडायच्या, एका पदार्थाची एक. तीन बोटांची चिमूट, पाच बोटांची चिमूट, तळहाताच्या खळग्याएवढं. तेवढा वेळ कोणाशी बोलायचं नाही. ढिगुली संपली म्हणजे मीठ पडलं. ढिगुली आहे म्हणजे पडलेलं नाही. एवढंच.

त्या संध्याकाळी, ताट उचलून सगळे जेवायला बसल्यावर, नामबाईंनी सुपाचा पहिला घोट घेतला. मग पुन्हा एक घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुलेखाला लसूण सोलायला दिला नाही.

* * *

पावणेचार वर्षांपूर्वीचा तो जानेवारी सुलेखाला काही खास आठवत नाही. ताप तीन दिवस होता. श्रीरामलाही होता. चौथ्या दिवशी तिने चहा केला आणि आलं किसताना तिला कळलं की आलं आलंच नाही. मग कॉफी गेली. मग साबण. मग उशी, श्रीरामच्या उशीला कसलाच वास येत नव्हता, जणू तिथे कोणी झोपतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले येईल. सहा आठवड्यांनी म्हणाले येईल. वर्षाने म्हणाले, काही लोकांची येत नाही.

ती रडली वगैरे नाही. भूक लागली की जेवायची, पोट भरलं की थांबायची. जेवण म्हणजे गरम किंवा गार, मऊ किंवा कडक. घरी आमटीत मीठ घातलं की नाही हेच तिच्या लक्षात राहीना, कारण लक्षात राहावं असं काही उरलंच नव्हतं. एक दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाची छोटी बाटली आली. श्रीरामने आणून ठेवली. त्याने काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तो चव घेतो, बाटली उचलतो किंवा उचलत नाही, आणि क्रिकेटबद्दल बोलतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती दुकानात परत गेली ती सांगायचंच ठरवून. सजांगनिम, मला चव लागत नाही, मी परत लसूण सोलते. हे वाक्य तिने कोरियनमध्ये जुळवून ठेवलं होतं. गाडीत दोनदा म्हणूनही बघितलं.

नामबाई मागच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी तिला आत घेतलं आणि दार लावलं.

"इमो, एक सांगते. कोणाला बोलायचं नाही. हेजिनला तर नाहीच." त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली, डॉक्टरला दाखवतात तशी. "ही म्हातारी झाली. पूर्वी मला अर्ध्या चमच्याचा फरक कळायचा. आता मी घालते, घालते, आणि मला वाटतं अजून हवं. माझ्या आईचंही असंच झालं होतं. शेवटी तिच्या हातचं कोणी खात नव्हतं आणि तिला कोणी सांगतही नव्हतं."

"सजांगनिम—"

"म्हणून आजपासून मीठ तू बघायचं. मी घालीन, तू बघायचं. तू सांगितलंस बास, की बास."

तेव्हा सुलेखाने "हो" म्हटलं. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, पण नामबाई तिचा हात धरून होत्या आणि त्यांचा हात गरम होता, आणि बाकी काही विशेष घडलं नाही.

त्यानंतर ती शिकली. नामबाईच चाखताना कशा चाखतात ते तिने बघून ठेवलं: पानाची घडी, मिटलेले डोळे, दोन सेकंद, टाळू, कललेली मान. सगळं अगदी हुबेहूब. कधीकधी ती मुद्दाम म्हणायची, "किंचित कमी आहे." फार सोपं पडू नये म्हणून. मग नामबाई अजून घालायच्या.

* * *

किमचीवरून वाद झाला त्या बुधवारी, हेजिन निघून गेल्यावर, सुलेखा पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसली आणि तिने जर्सी सिटीला फोन लावला. अनयाला हे माहीत होतं. तिला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं, थँक्सगिव्हिंगला आली असताना, खिरीत साखरेऐवजी मीठ पडलेलं होतं आणि आई दुसरी वाटी घेत होती.

"आई, जस्ट टेल हर."

"काय सांगू?"

"दॅट यू कान्ट टेस्ट. इट्स नॉट अ क्राइम. हाफ द वर्ल्डला झालं होतं."

"मग ती विचारेल, इतके दिवस काय करत होतीस."

"सो? सांग, की सॉरी."

"आणि मग विचारेल, आता काय करशील."

पलीकडे गाडीचे हॉर्न ऐकू आले. अनया रस्त्यात होती, ऑफिसमधून स्टेशनकडे चालत.

"यू कॅन डू अदर स्टफ, आई. कटिंग. पॅकिंग."

"हो."

"मग?"

"ते मशीन करतं. मागच्या वर्षी घेतलं त्यांनी."

"आई, आर यू ओके?"

"मला काय झालंय," सुलेखा म्हणाली. "तू जेवलीस का?"

तिने फोन ठेवला. तिने स्वतःला विचारून पाहिलं, आपल्याला भीती वाटतेय का. एवढंच समजत होतं, की सोमवारी सकाळी साडेसातला ज्या दारातून ती आत जाते त्या दाराशिवाय दुसरं दार तिच्याकडे नाही. दाराच्या अलीकडे ती परत 'घरीच असते'.

* * *

रविवारी जेसा हेजिनच्या घरी होतं. ती एकटीच राहते, जॉन्स क्रीकला, मोठं घर, पायऱ्यांपाशी चपलांचा स्टँड. सुलेखा दुपारी बारालाच पोचली. नामबाई डायनिंग टेबलापाशी खुर्ची घेऊन बसल्या, मनगटाला पट्टा बांधून, आणि त्यांनी तिथून एकही सूचना केली नाही.

सुलेखाने ताटलीत ढिगुल्या मांडल्या. सात.

तीन रंगांच्या भाज्या: पालक हिरवा, वाळवलेल्या नेच्याचे कोंब तपकिरी, एका झाडाच्या मुळीचे धागे पांढरे, ते धागे मिठात चोळून कडूपणा काढावा लागतो. माशाचे आणि झुकिनीचे काप, पीठ आणि अंड्यात बुडवून मंद तव्यावर. अख्खी मासळी वाफेवर, डोक्यासकट. मुळा-टोफूचं सूप. ढिगुल्या एकेक करून संपत गेल्या. चार तास ती कोणाशी बोलली नाही आणि तिच्याशीही कोणी बोललं नाही. त्या चार तासांत तिच्या मनात काही नव्हतं. तिला तेच बरं वाटायचं. नैवेद्यात जीभ नसलेली बाई आणि जीभ असलेली बाई सारखीच.

सहाला टेबल मांडून झालं. मिस्टर युन यांचा फोटो, मेणबत्त्या, उदबत्ती. उदबत्तीचा धूर सुलेखाच्या चेहऱ्यावरून गेला आणि तिचे डोळे चुरचुरले, एवढंच. ती स्वयंपाकघरात उभी राहिली. बाहेर मायलेकी गुडघ्यांवर वाकल्या. तांदळाची स्वच्छ दारू उदबत्तीवरून तीनदा फिरवून ओतली गेली. भाताच्या वाटीत चमचा उभा खोचला गेला. मग दोघींनी टेबलाकडे पाठ केली. आत्मा नऊ घास खाईल तेवढा वेळ त्याच्याकडे बघायचं नसतं, जेवणाऱ्याला संकोच होतो. हेजिन हलक्या आवाजात आकडे मोजत होती. नामबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "हळू. तो सावकाश जेवायचा."

ताट उतरलं. मग जे मांडलं होतं तेच सगळ्यांनी मिळून खायचं असतं.

"इमो, ये. बस," नामबाईंनी हाक मारली.

सुलेखा बसली. आधी दारूचा एकेक घोट. मग हेजिनने सूप घेतलं. चमचा तोंडातून बाहेर यायला जरा वेळ लागला.

"हे कोणी केलं?"

"इमोने. दुसरं कोण आहे इथे?"

"आणि मीठ कोणी बघितलं?"

"कोणी नाही. जेसाचं चाखत नाहीत. तेही विसरलीस आता, अमेरिकन?"

हेजिनने पालक घेतला. मग नेच्याचे कोंब. मग झुकिनीचा काप, नुसताच, सोया सॉसशिवाय. ती एकेक गोष्ट अगदी लक्ष देऊन खात होती.

"ओम्मा, सगळं बरोबर आहे. एक कणसुद्धा इकडेतिकडे नाही."

"मग?" नामबाईंनी भातात चमचा घातला. त्यांच्या आवाजात गेल्या कित्येक आठवड्यांत नव्हता असा आराम होता. "मी काय म्हणत होते? न चाखता हे, तर चाखून काय असेल. लीजचे कागद आण. जेवण झाल्यावर सही कर."

"एक मिनिट."

"आता काय?"

हेजिनने चमचा खाली ठेवला. "हिचा हात असा आहे. म्हणजे हिला मीठ कळतं."

"कळतंच."

"मग किमची खारट आहे हेही हिला कळत होतं."

नामबाई भात चावत होत्या. त्यांचं चावणं थांबलं.

"बुधवारी माझ्यासमोर खाल्लं आणि 'बरोबर आहे' म्हणाली," हेजिन म्हणाली. "चार डबे परत आले तेव्हाही 'बरोबर आहे' म्हणाली असेल. हो ना? ओम्मा, ती तुला सांभाळून घेत होती. तुझ्या आईला सगळे घेत होते ना, तसं."

"गप्प बस."

"मी वाईट म्हणत नाहीये तिला. चांगलं वागायला गेली ती. पण मी त्या चांगुलपणावर सही कशी करू?"

नामबाई सुलेखाकडे वळल्या. इतका वेळ दोन भाषांत बोलणं चाललं होतं. आता त्या फक्त कोरियनमध्ये बोलल्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिला कळावं म्हणून.

"इमो. खारट होतं?"

सुलेखाने हात मांडीवर ठेवले.

"मी तुला माझी जीभ काढून दाखवली. पोटच्या मुलीला नाही दाखवली. तुझ्याकडे मी काय मागितलं होतं? खोटं मागितलं होतं?"

"नाही, सजांगनिम."

"मग खारट होतं की नाही?"

"सुलेखा, तुम्हाला कोणी रागावणार नाही," हेजिन इंग्रजीत म्हणाली. "फक्त सांगा."

सुलेखाला दोन उत्तरं दिसत होती. एक म्हणजे, हो, कळत होतं, तुमचं मन राखलं. त्याने ती लबाड ठरली असती, पण दुकानात राहिली असती. लबाड माणसाला दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी कोबी चिरायला देतात. दुसरं उत्तर तिने एप्रिलमध्ये गाडीत बसून दोनदा म्हटलं होतं. ते वाक्य अजून तसंच पाठ होतं, क्रियापदासकट. नामबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठाच्या कडेला भाताचं एक शीत होतं.

"मला माहीत नाही," सुलेखा म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"खारट होतं का ते. मला चव लागत नाही. वासही येत नाही."

"कधीपासून?"

"कोव्हिड झाला तेव्हापासून."

"त्याला चार वर्षं झाली," हेजिन म्हणाली.

"दोन महिने कमी."

"पण तुम्ही चाखत होता. मी बघितलंय. डोळे मिटून..."

"सजांगनिम करतात तसं करत होते."

हेजिन आईकडे बघून मग सुलेखाकडे बघू लागली, आणि तिच्या तोंडातून हसण्यासारखा एक आवाज निघाला, तो तिने हाताने दाबला. "म्हणजे त्या दुकानात कोणालाच..."

नामबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढ्यातलं सूप पाहिलं, जणू ते आत्ताच कोणी आणून ठेवलंय.

"मी मीठ बघ म्हटलं, त्या दिवशी?"

"त्या दिवशीही चव नव्हती."

"मी हात धरला होता तुझा."

"हो."

"आणि तू म्हणालीस, किंचित कमी आहे. मी घातलं. तू म्हणालीस, मी घातलं."

"हो, सजांगनिम."

हे बोलताना सुलेखाला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. हात मांडीवर होते तसेच होते. फोटोतले मिस्टर युन, टाय लावलेले, तिच्या खांद्यावरून कुठेतरी बघत होते.

नामबाईंनी टेबलाला धरून गुडघा सरळ केला, मग दुसरा. हेजिन उठायला गेली. त्यांनी पट्टा बांधलेला हात आडवा धरला. त्या दाराकडे चालायला लागल्या.

"सजांगनिम," सुलेखा म्हणाली. ती उठली नव्हती, फक्त वळली होती. "उद्या कोबी येणार आहे. बारा खोकी. आल्या आल्या मिठात घालायला हवा. मी साडेसातला येऊ?"

नामबाईंनी भिंतीवर हात टेकला आणि न वाकता बुटांत पाय घातले. डावा गेला. उजव्याची टाच आत बसेना, ती तशीच दुमडून त्यांनी दाराची मूठ फिरवली.

"ओम्मा, जॅकेट," हेजिन म्हणाली.

"येऊ का?" सुलेखाने पुन्हा विचारलं.

नामबाई बाहेर गेल्या. ड्राइव्हवेवर त्यांच्या बुटाची दुमडलेली टाच फरपटत गेली, आणि मग तीही ऐकू येईनाशी झाली.